दुसरी बेल वाजायच्या आत

"ते नाहीयेत हो. काही निरोप आहे का?"

मजल्यावरच्या कुठल्याही बंद दाराची बेल वाजली, की दुसरी बेल वाजायच्या आत काकूंचं दार उघडायचं आणि आधी हे वाक्य बाहेर यायचं. त्याच्यामागून काकू. ओला हात पदराला पुसत, चष्मा कपाळावर चढवलेला, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर. मग पुढची माहिती. कुठे गेलेत, कधी येतील, फार घाईचं आहे का, आणि उन्हातून आला असाल तर पाणी देऊ का.

तुम्ही जुन्या बिल्डिंगमध्ये वाढला असाल तर तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. मी डोंबिवलीत वाढले, मलाही वाटलं नाही. शेजाऱ्याच्या बंद दाराशी आलेला माणूस तसाच परत जाऊ द्यायचा नाही, हे आम्हाला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. पण आमचा टॉवर कोलशेतचा. इथे शेजारी कोण राहतं हे दारावरच्या पाटीवरून कळतं, आणि हल्ली पाटीही लावत नाहीत, नुसता नंबर असतो. अशा ठिकाणी काकूंचं दार उघडणं हा एक प्रकारचा उपद्रवच होता. सोयीचा उपद्रव.

काकू टेंभी नाक्याच्या. तिथली त्यांची बिल्डिंग पाडायला गेली तेव्हा मुलाने, अभयने, त्यांना इकडे आणलं. गंमत म्हणजे आमच्या टॉवरच्या जागी पूर्वी रंगाचा कारखाना होता आणि काकूंचे यजमान तिथेच नोकरी करून रिटायर झाले होते. "तुमचा तो स्विमिंग पूल आहे ना, तिथे ह्यांची कॅन्टीन होती," त्या सांगायच्या. "गेटवर तेव्हाही अडवायचे. पण निदान संध्याकाळी भोंगा तरी व्हायचा, माणूस घरी निघालाय हे कळायचं."

दाराला असलेल्या भिंगाच्या भोकाचा त्यांना राग होता. अभय दर थोड्या दिवसांनी सांगायचा, "आई, आधी त्यातून बघ, मग उघड." काकू म्हणायच्या, "भोकातून काय बघायचं रे? नुसतं नाक दिसतं. दार उघडलं की पूर्ण माणूस दिसतो."

काकूंच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तन्वी आणि तिचा नवरा राहायचे. दोघं सकाळी बाहेर पडायचे ते रात्रीच घरी. त्यांचा कुरियर, त्यांच्या कामवालीची वेळ, एसीवाला, सगळं काकूंच्या दारातून व्हायचं. तन्वीच्या नणंदेला बघायला मंडळी येणार होती, पण चुकून एक दिवस आधीच आली, तेव्हा काकूंनी त्यांना आपल्या घरात बसवलं, पोहे केले, चहा दिला आणि तन्वी धापा टाकत घरी पोचेपर्यंत सगळी चौकशीही उरकली. लिफ्टपाशीच तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे. आई फार बोलते, पण मनात काही ठेवत नसावी. ठरवून टाका." ठरलं. त्या लग्नाची पत्रिका काकूंच्या फ्रिजवर पुढे कितीतरी महिने होती.

दर नवरात्रात त्यांची एक मैत्रीण यायची, मंगलताई. टेंभी नाक्याच्या बिल्डिंगमधली जुनी शेजारीण, आता दिवा स्टेशनजवळ राहणारी. नाक्यावरच्या देवीचं दर्शन घेऊन नारळ आणि वेणी घेऊन ती थेट काकूंकडे. आमच्या गेटवर तिला दरसाल थांबवून ठेवायचे. फोटो काढायचे, पिशवी उघडून बघायचे. काकू खाली जाऊन तिला घेऊन यायच्या आणि लिफ्टमध्ये मोठ्याने म्हणायच्या, "देवीच्या मांडवात एवढं तपासत नाहीत गं!" आमच्या गेटचं हे असंच आहे. घरकाम करणाऱ्या बायकांच्या पर्स जाताना तपासतात, डिलिव्हरीच्या पोरांना मोठ्या लिफ्टमध्ये चढू देत नाहीत. सुरक्षेच्या बाबतीत आम्ही फार कडक. हे वाक्य लक्षात ठेवा.

गेल्या मे महिन्यात तन्वी मंडळी गोव्याला गेली. त्यांची सुट्टी निघण्याआधीपासून सगळ्या जगाला माहीत होती, कारण विमानतळावरचा फोटो विमान उडायच्या आत टाकायचा असतो.

भर दुपारी आमच्या गेटमधून एक परदेशी जोडपं आत आलं. बाई आणि पुरुष, पायात पांढरे स्वच्छ बूट, पाठीला बॅगा, बाईच्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, तोंडाला मास्क. त्यांना कोणी थांबवलं नाही. फोटो नाही, पिशवी नाही, नाव नाही. गोऱ्या माणसाने गेटवर नाव सांगायचं असतं असं आमच्या वॉचमनला कोणी शिकवलंच नव्हतं. शेजारच्या नव्या टॉवरचा सॅम्पल फ्लॅट बघायला अशी मंडळी येतात, त्यांना अडवू नका, असं उलट बजावलेलं होतं. त्याने सलाम ठोकला आणि लिफ्टचं दार धरून ठेवलं.

पुरुष जिन्यात थांबला. बाईने तन्वीची बेल वाजवली. आणि दुसरी बेल वाजायच्या आत काकूंचं दार उघडलं.

काकूंचं इंग्रजी कामापुरतं होतं आणि त्यांना त्याची लाज नव्हती. "दे नॉट. गोवा. मंडे कमिंग," त्या म्हणाल्या. मग त्या बाईची उन्हाने लाल झालेली मान बघून, "वॉटर?" बाईने मान हलवली. काकूंनी माठातलं पाणी आणलं. बाईने मास्क काढला, गॉगल डोक्यावर चढवला, ग्लास एका दमात संपवला आणि काकूंच्या खांद्यावर हात ठेवून "थँक्यू" म्हणाली. संध्याकाळी काकूंनी मला हे सगळं कौतुकाने सांगितलं. "दिसायला गोड होती गं. तन्वीच्या ऑफिसातली असेल. कुठल्या कुठे घर सोडून येतात बिचाऱ्या."

तन्वी सोमवारी परत आली तेव्हा दाराचं कुलूप जागच्या जागी होतं. एक ओरखडा नव्हता. आतली कपाटं मात्र पार धुऊन नेली होती.

तन्वीचं दुःख खोटं नव्हतं, हे आधीच सांगते. तिच्या आईच्या पाटल्या गेल्या. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. ती रिकामी डबी हातात घेऊन ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, आणि तिच्याहून जास्त काकू रडत होत्या. तोवर त्या पाण्याच्या ग्लासाची कोणालाच आठवण नव्हती. आठवण काकूंनीच करून दिली. पोलीस विचारत होते, कोणी अनोळखी आलं होतं का, आणि काकू डोळे पुसत पुढे झाल्या. "एक परदेशी मुलगी आली होती. मी सांगितलं तिला, सोमवारी येतील म्हणून."

कॉरिडॉरमध्ये सोसायटीचा कॅमेरा आहे. दुसऱ्या दिवशी ती क्लिप आमच्या ग्रुपवर आली. काकू ग्लास पुढे करताहेत, ती बाई पितेय, काकू हसताहेत. आवाज नाही, नुसतं चित्र. कोणीतरी त्याखाली लिहिलं, 'अतिथी देवो भव'. कोणी हसरे चेहरे टाकले. कोणी लिहिलं, 'इनसाइड जॉब विथ वेलकम ड्रिंक'. एका उत्साही तरुणाने क्लिपला सनईचं म्युझिक लावून ती परत टाकली. अभय त्याच ग्रुपवर होता. सून केतकीही होती. त्या दोघांनी काय उत्तर द्यायचं होतं?

टोळी परदेशी, हे कळल्यावर आमच्याकडे जरा रुबाबही आला होता, ही गोष्ट मी विसरणार नाही. कोणाला त्या देशाचं नाव माहीत नव्हतं, प्रत्येकजण वेगळा देश सांगत होता, पण साध्यासुध्या चोराने आपल्याला हात लावला नाही यात काही जणांना समाधान होतं. आमच्या चेअरमनसाहेबांनी तर पाहुण्यांना सांगितलं, "इंटरनॅशनल गँग होती. ते काय कुठल्याही सोसायटीत जात नाहीत."

रविवारी क्लबहाउसमध्ये मीटिंग झाली. काकूंना 'चार शब्द विचारायला' बोलावलं होतं. त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. मला वाटतं, आपल्याला मदतीसाठी बोलावलंय असंच त्यांना वाटत होतं.

"काकू, तुम्ही त्यांना सांगितलंत की घरात कोणी नाही," चेअरमन म्हणाले.

"हो. नव्हतंच ना कोणी."

"आणि कधी येणार तेही सांगितलंत."

"सोमवारी. तन्वीच म्हणाली होती मला."

कोणीतरी मागे हसलं. तन्वीचा नवरा उभा राहिला. "काकू, तुम्ही त्यांना पाणी पाजलंत! आमचं घर लुटायला आलेल्यांना!"

काकूंनी सगळीकडे बघितलं. वर्गात भलतीच शिक्षा झालेलं मूल बघतं तसं. "अहो, पण माणूस दारात उभा होता," त्या म्हणाल्या. "त्याला काय म्हणायचं होतं?"

मी उठले आणि विचारलं, की गेटमधून हे लोक नाव न लिहिता आले कसे, लिफ्टचं दार त्यांच्यासाठी कोणी धरलं, आणि वॉचमनला तसं कोणी सांगितलं होतं. चेअरमन म्हणाले, "मॅडम, विषयाला धरून बोला." विषय काकू होत्या. मी आवाज चढवला, माझ्या नवऱ्याने माझा हात ओढला नाही, त्यानेही विचारलं, आणि आम्हा दोघांनाही 'नंतर बघू' असं सांगण्यात आलं. लिफ्टमध्ये नोटीस लागली. कोणत्याही रहिवाशाने दुसऱ्या रहिवाशाबद्दल कोणालाही कसलीही माहिती देऊ नये.

त्यानंतरची एक दुपार मी विसरू शकत नाही. मी दार उघडून कचऱ्याची बादली बाहेर ठेवत होते. काकू तन्वीच्या दारात उभ्या होत्या, हातात रुमालाची पुरचुंडी. तन्वीने चोरीनंतर कॅमेऱ्याची बेल बसवली होती. तिच्यावरचा निळा दिवा लागला आणि बेलमधूनच तन्वीचा आवाज आला, "काकू, आत्ता बिझी आहे हं."

काकूंना कळेना, बोलायचं कोणाशी. त्या दाराकडे बघून बोलू लागल्या, मग बेलकडे वाकून. "अगं, जास्त वेळ नाही घेत. माझ्या पाटल्या आहेत. जुन्या आहेत, पण चांगल्या आहेत. तुझ्या आईच्या नाहीत, माहितीये गं मला. पण तुझा हात असा मोकळा…"

दिवा विझला. मी तिथे होते, म्हणून सांगते. दिवा विझल्यावरही काकू थोडा वेळ बोलत होत्या.

अभय वाईट मुलगा नाही. पण त्याला ऑफिसात कोणीतरी ती सनईची क्लिप दाखवली होती. त्याने काकूंच्या दाराला साखळी बसवली आणि म्हणाला, "आई, प्लीज. यापुढे कोणाचीही बेल वाजू दे, आपल्याला काय करायचंय? हात जोडतो तुला." काकूंनी कानाला खडा लावला. माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मला ऐकू यायचं. समोर बेल वाजली की काकूंच्या चपला सरसर दारापर्यंत यायच्या आणि थांबायच्या. दुसरी बेल. तिसरी बेल. मग चपला हळूहळू परत जायच्या.

पावसाळा लागता लागता टोळी पकडली गेली, दुसऱ्याच एका शहरात, विमानतळावर. आमच्याकडे पंचनाम्याच्या कुठल्याशा सहीसाठी सब-इन्स्पेक्टर आले होते. मी त्यांना विचारलंच. ते म्हणाले, "मॅडम, त्या मावशींनी सांगितलं नसतं तरी घर फुटलंच असतं. हे लोक टूरिस्ट व्हिसावर येतात, भारीतल्या सोसायट्या हेरतात, बेल वाजवून उघडलं नाही की काम सुरू. ह्याच रोडला अजून घरं केलीत त्यांनी, तिथे कोणी पाणी नाही पाजलं." मग जरा हसले. "उलट मावशींचे उपकारच आहेत. बाकी सगळ्या कॅमेऱ्यांत तिचा मास्क आणि गॉगल आहे. पाणी प्यायला काढला, तेवढाच आम्हाला चेहरा मिळाला. त्या फोटोवर तर पकडली."

मी हे जसंच्या तसं ग्रुपवर लिहिलं. खाली दोन अंगठे आले आणि मग कोणीतरी योगा क्लासची वेळ टाकली. तन्वीने वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या.

काकूंना मी घरात जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा फुलेल. त्यांनी एवढंच विचारलं, "तन्वीच्या पाटल्या मिळाल्या का गं?"

नव्हत्या मिळाल्या. सोनं केव्हाच देशाबाहेर गेलं होतं.

श्रावणातली गोष्ट. मी कॉलेजात शिकवून परत आले आणि तन्वी माझ्याच लिफ्टने वर आली. आमच्या मजल्यावर दार उघडलं तर तिच्या चपलांच्या कपाटाला टेकून एक म्हातारे गृहस्थ जमिनीवर बसलेले. तिचे वडील. नाशिकहून न सांगता आले होते, लेकीला चकित करायला. फोन बंद पडलेला. बेल वाजवून वाजवून दमले होते, तन्वीच्या फोनवर सूचना गेली असणार, पण ती मीटिंगमध्ये होती. अंगाला घाम सुटला होता, जीभ जड झाली होती. डायबेटिस. मी धावत साखरपाणी आणलं, ते घशाखाली उतरलं तेव्हा कुठे त्यांनी लेकीला ओळखलं.

मग तन्वी वळली आणि तिने काकूंची बेल वाजवली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. दार साखळीएवढं उघडलं.

"काकू, तुम्ही घरात होतात ना? बाबा इथे कधीचे बसलेत. बेल ऐकू नाही आली तुम्हाला?"

"आली."

"मग? बघायचं तरी!"

"बघितलं गं," काकू म्हणाल्या. "भोकातून बघितलं. पूर्ण माणूस नाही दिसत त्यातून."

"अहो, पण एक ग्लास पाणी तरी…" तन्वी म्हणाली आणि मध्येच थांबली. आपण काय बोलतोय हे तिला कळलं असावं. मला तिची दया आली नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

संध्याकाळी मी काकूंकडे गेले. त्या अंधारात बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्याला कण्हताना ऐकलं मी. माणूस दारात बसलाय, आणि मी काय केलं माहितीये? टीव्हीचा आवाज वाढवला. मी! ह्यांनी पाहिलं असतं तर घरात घेतलं नसतं मला." मी म्हटलं, तुमची काही चूक नाही, तुम्हाला तेच तर सांगितलं होतं सगळ्यांनी. त्या म्हणाल्या, "सांगितलं म्हणून ऐकायचं असतं का असलं?"

पुढच्या आठवड्यात त्या डोंबिवलीला लेकीकडे गेल्या, हवापालट म्हणून. मी भेटायला गेले होते. तिकडच्या बिल्डिंगमध्ये अजून दारं उघडी असतात. मी बसले असताना शेजारी कोणीतरी बेल वाजवली. काकूंचा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला, त्या अर्ध्या उठल्या, आणि लेकीकडे बघून परत बसल्या. लेक म्हणाली, "अगं जा ना आई, इथे कोण काय म्हणतंय?" पण त्या गेल्या नाहीत. जेवण तर सुटलंच होतं. गणपती गेले, आणि काही दिवसांनी काकू गेल्या. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. ग्रुपवर अभयचा मेसेज आला आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. सनईवाल्या मुलानेही जोडले. अभय आणि केतकीने फ्लॅट भाड्याने द्यायला काढला आणि ऑफिसजवळ राहायला गेले.

परवा, नवरात्रात, दुपारी मी पेपर तपासत बसले होते. बाहेर बेल वाजली, माझी नव्हे. बाजूची. काकूंच्या रिकाम्या घराची. मी पेन खाली ठेवेपर्यंत दुसरी वाजली. काकूंएवढं मला नाही जमत.

दार उघडलं तर मंगलताई. एकटीच. गेटवर नव्या वॉचमनने दिलेला कागदी बिल्ला पदराला लावलेला, हातात नारळ आणि वेणीची पिशवी, चेहरा उन्हाने लाल. यंदा तिला घ्यायला खाली कोणी गेलं नव्हतं. काकूंच्या फोनमध्ये तिचा नंबर होता, पण तो फोन उघडून कोणाकोणाला कळवायचं, हे बहुतेक कोणाला सुचलंच नाही.

आणि माझ्या तोंडून ते वाक्य आपोआप बाहेर पडलं, काकूंच्याच सुरात. "त्या नाहीयेत हो."

"बाहेर गेली का?" मंगलताई म्हणाली. "मी येतेय दरसाल, माहितीये ना तिला. कधी येईल?"

काकूंना हा प्रश्न कोणी विचारला की त्यांच्याकडे उत्तर असायचं. सोमवारी. संध्याकाळी. आत्ता येतील इतक्यात. समोर तन्वीच्या बेलचा निळा दिवा लागला, आम्हा दोघींना बघितलं आणि विझला. दार काही उघडलं नाही.

मी मंगलताईच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हटलं, "आत या. आधी पाणी घ्या."